नोंदी कुठे राहतात? पुण्यातल्या एका समुपदेशन केंद्राची संगणक-निवड

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर हे समुपदेशन केंद्र चालतं. तीन समुपदेशक, आठवड्यातून दोनदा येणारे मनोविकारतज्ज्ञ, स्वागतकक्ष सांभाळणारी एक मुलगी आणि संध्याकाळी हिशेब पाहायला येणारे काका, एवढा संसार. नवरा-बायकोचे वाद, दहावी-बारावीचं दडपण, व्यसन, मुलांच्या बौद्धिक चाचण्या, जगणं नकोसं झालेली माणसं, असं सगळं तिथे येतं. केंद्राचं नाव इथे देत नाही आणि कुणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२५ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने संमतीपत्रावर सही करायच्या आधी विचारलं, "मॅडम, माझ्याबद्दल तुम्ही जे लिहिणार ते कुठल्या मशीनवर राहतं? आणि ते मशीन ते पुढे कुठे पाठवतं का?" केंद्राच्या संचालिका, ज्यांना सगळे ताई म्हणतात, त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच सुमारास केंद्राचे संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाने सांगितलं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा-अपडेट बंद होणार, मशीन जुनी आहेत, विंडोज ११ नियमाने बसणार नाही, पण "बायपास करून टाकून देतो, काही होत नाही." ताईंनी त्याला थांबवलं आणि मला बोलावलं.

मशीन पाच. चार डेस्कटॉप २०१६-१७ मध्ये घेतलेले, इंटेलच्या सहाव्या पिढीचे, आणि एक लॅपटॉप. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही किल्ल्या सांभाळणारी चिप, सिक्युअर बूट ही सुरू होतानाची तपासणी आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चारही डेस्कटॉप बाद. एका मशीनवरचं विंडोज तर परवाना न घेता, ॲक्टिव्हेटर नावाचा चोरटा प्रोग्राम चालवून 'चालू' केलेलं निघालं. गोपनीयतेची चिंता करताना लोक मोठ्या कंपन्यांकडे बोट दाखवतात. पण अनोळखी माणसाने बनवलेला, अँटिव्हायरस बंद करून प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेला प्रोग्राम ज्या मशीनवर आहे, त्यावर रुग्णाची नोंद लिहू नये. ते मशीन त्याच दिवशी नेटवर्कवरून काढलं.

आधी नोंदी, मग संगणक

पहिल्या बैठकीत सगळ्यांना 'लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) की विंडोज' एवढंच बोलायचं होतं. मी आधी वेगळी यादी करायला लावली: इथे काय काय लिहिलं जातं, ते कुठे पडून राहतं, आणि ते कुणाच्या हाती लागलं तर कुणाचं नुकसान होतं.

कुणाच्या हाती, या प्रश्नाचं समुपदेशकांनी दिलेलं उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा जवळचं होतं. त्यांना सर्वात जास्त धास्ती घरच्यांची. बायको इथे येते हे कळल्यावर स्वागतकक्षात येऊन "तिने माझ्याबद्दल काय सांगितलं ते दाखवा" म्हणणारे नवरे येतात. मुलीची फाइल मागणारे वडील येतात. स्वागतकक्षातला स्क्रीन बाकावर बसलेल्यांना सरळ दिसत होता, आणि त्यावर दिवसभराच्या नावांची यादी उघडी असायची. त्यानंतर नोकरी सोडून गेलेली माणसं. मग दुरुस्तीला गेलेली डिस्क, चोरीला गेलेला लॅपटॉप. सॉफ्टवेअर कंपनी या यादीत खाली होती, पण ती प्रत्येक मशीनवर आणि दररोज हजर असते. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून मुलांच्या ताब्याच्या दाव्यात नोंदी मागवल्या जातात तोही धोका एकीने मांडला. त्याला संगणक काही करू शकत नाही, तिथे वकील लागतो.

कायदा ताईंना ठाऊक होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि कलम २४ तोच हक्क इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू करतं. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड चार खोल्यांच्या केंद्राला कुणी लावणार नाही. पण 'आम्ही छोटे आहोत' ही सबब कायद्यात नाही, हे ताईंनीच सगळ्यांना सांगितलं.

नोंदी कुठे पडून आहेत हे शोधताना सर्वात महत्त्वाची गोष्ट सापडली. मोठ्या गळत्या दोन होत्या.

पहिली: मधल्या खोलीतल्या मशीनवर, तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचं खासगी खातं अजून लॉगिन होतं आणि डेस्कटॉपचं फोल्डर त्या खात्याच्या क्लाउडवर आपोआप चढत होतं. सवय अशी की सगळ्या फाइली डेस्कटॉपवर. तिला स्वतःलाही याची कल्पना नव्हती. फोन केल्यावर तिने आमच्यासमोर बसून सगळं पुसलं.

दुसरी गळती मला जास्त लागली. तीनपैकी दोन समुपदेशक सत्राच्या नोंदी मराठीत लिहितात, आणि ते योग्यच आहे. माणूस ज्या भाषेत रडला त्या भाषेतच ते टिपायला हवं. पण त्यांना मराठी कीबोर्ड येत नव्हता. त्या दोघी ब्राउझरमध्ये एक लिप्यंतराचं पान उघडत, रोमन अक्षरांत टाइप करत, देवनागरी झालं की उचलून वर्डमध्ये चिकटवत. अशा बऱ्याच पानांप्रमाणे तिथेही रोमन अक्षरांचं देवनागरी सर्व्हरवर, म्हणजे बाहेरच्या दूरच्या संगणकावर होतं. म्हणजे प्रत्येक शब्द टाइप होता होता बाहेर जातो. अनेक वर्षांच्या नोंदी, सत्रागणिक, अशा बाहेर जाऊन परत आल्या होत्या. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा काही दोष नव्हता. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तो मशीनवरच चालतो. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड, तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. कुणी दाखवून दिलं नव्हतं, एवढंच. मराठीत काम करणाऱ्या वकिलांनी, डॉक्टरांनी, शिक्षकांनी ही एक गोष्ट तरी आज आपल्या ऑफिसात तपासावी. फोनवर बोलून टाइप करण्याचंही बऱ्याचदा असंच असतं.

विंडोजबद्दल खरी भीती कोणती

बैठकीत एकीने 'रिकॉल'चं नाव घेतलं. स्क्रीनची दर काही सेकंदांनी चित्रं काढून ठेवणारी ही सोय मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये जाहीर केली. तिचा साठा पुरेसा सुरक्षित नाही हे संशोधकांनी दाखवून दिल्यावर ती पुढे ढकलली गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये बदल करून आली: आता ती आपण चालू केली तरच चालते, साठा कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो, आणि ती फक्त कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या, खास एआय चिप असलेल्या मशीनवर मिळते. केंद्राच्या मशीनवर ती येण्याची शक्यताच नव्हती. नवीन लॅपटॉप घेताना मात्र बघावं. सिग्नल या संदेशांच्या ॲपने मे २०२५ मध्ये आपल्या खिडकीचं चित्र रिकॉलला घेताच येणार नाही अशी तजवीज केली, यावरून जाणकार ते किती गांभीर्याने घेतात हे कळतं.

माझी काळजी कमी गाजलेल्या गोष्टींची होती. विंडोज ११ च्या होम आवृत्तीची पहिली मांडणी (सेटअप) करताना मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं जातं; खातं टाळण्याच्या वाटा कंपनी एकेक करून बंद करत आली आहे. खातं आलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हवर, म्हणजे कंपनीच्या क्लाउडवर जाण्याची सोय आली. डिस्क कूटबद्ध होते, हे चांगलं. पण तिची सोडवणूक-किल्ली (रिकव्हरी की) त्याच खात्यात साठते. मशीन स्वतःच्या चालण्याबद्दल कंपनीला जी 'निदानाची माहिती' पाठवतं, तिचे दोन स्तर आहेत. 'आवश्यक' स्तर होम आणि प्रो आवृत्तीत बंद करता येत नाही, तो फक्त एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्तीत होतो. 'ऐच्छिक' स्तर चालू राहिला, तर प्रोग्राम कोसळतो त्या क्षणीची मेमरीही जाऊ शकते, आणि त्यात तुम्ही उघडलेल्या फाइलचे तुकडे अनवधानाने असू शकतात, असं मायक्रोसॉफ्टचीच कागदपत्रं सांगतात. वर्डमध्ये एका मुलीवर झालेल्या अत्याचाराची नोंद उघडी आहे आणि वर्ड कोसळलं, असा प्रसंग डोळ्यांसमोर आणून बघा.

यातलं बरंचसं बंद करता येतं, असं मला सांगितलं जाईल. येतं. मीही करून देतो. पण मोठ्या अपडेटनंतर पुन्हा कोण तपासणार? या केंद्रात संगणकाचा माणूस नाही. २०१६ मध्ये फ्रान्सच्या माहिती संरक्षण आयोगाने विंडोज १० बद्दल मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली, २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या प्राधिकरणाने त्यांच्या कायद्याचा भंग होतोय असं म्हटलं. कंपनीने सुधारणा केल्या आणि फ्रान्समधलं प्रकरण २०१७ मध्येच मिटलं. दोन्हीकडे मुख्य मुद्दा हाच होता की माणसाने काहीच न निवडता काय काय जातं. मी केंद्रासाठी हीच कसोटी धरली: कुणीच लक्ष दिलं नाही, नुसतं पुढे-पुढे दाबत गेलं, तर हे मशीन स्वतःहून काय करेल?

पर्याय

विंडोज १० वरच राहून वाढीव अपडेट घेणं: घरगुती वापरासाठी ती तेव्हा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली होती. संस्थांसाठी पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. जुन्या मशीनवर हा खर्च करणं ताईंना पटलं नाही. बायपास करून विंडोज ११: त्या मशीनला अपडेट मिळत राहतील याची कंपनी हमी देत नाही, त्यामुळे तो विषय संपला. जुन्या मशीनवर बसणारी गूगलची क्रोम ओएस फ्लेक्स ही सिस्टिम मी सुचवलीच नाही. त्यात पुन्हा एका कंपनीच्या खात्याभोवती सगळं फिरतं.

मॅक चांगला पर्याय होता आणि हे मोकळेपणाने सांगायला हवं. निदानाची माहिती पाठवायची का हे मांडणीच्या वेळीच विचारतात, डिस्कची किल्ली स्वतःकडे ठेवता येते, आणि देखभाल फारशी लागत नाही. एम४ मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून आला. चार घ्यायचे, वर मॉनिटर, तर केंद्राच्या वर्षभराच्या सवलतीच्या सत्रांचा निधी तिकडे गेला असता. गरजू मुलांची सत्रं बंद करून गोपनीयता विकत घेणं ताईंना मान्य नव्हतं, आणि मलाही नाही.

राहिलं लिनक्स. त्याच्या अनेक प्रकारांतलं मिंट मी निवडलं. खातं मागत नाही, वापराची माहिती गोळा करत नाही, आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला दहा मिनिटांत कळतं. मिंटची २२ ही मालिका उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. लिनक्स म्हटलं की सगळं पवित्र, असंही नाही: उबुंटूने २०१२ मध्ये संगणकावरच्या शोधात ॲमेझॉनचे निकाल आणले होते, म्हणजे आपण आपल्याच मशीनवर काय शोधतो ते बाहेर जात होतं. मोठी टीका झाली आणि २०१६ च्या आवृत्तीत ते आपण चालू केल्याशिवाय बंदच राहील असं केलं गेलं. मिंटवर फायरफॉक्स हा ब्राउझर असला तरी त्यातली तांत्रिक माहिती पाठवण्याची खूण काढावी लागतेच. आणि मिंटवर क्रोम घालून आपल्या खात्यात लॉगिन केलं, तर ब्राउझरच्या बाबतीत काहीच बदललं नाही.

चाचणी

आधी एकच मशीन. तपकीर गल्लीतून एसएसडी, म्हणजे नव्या धर्तीची वेगवान डिस्क, आणून बसवली, जुनी हार्ड डिस्क बाजूला ठेवली, आणि सर्वात तरुण समुपदेशकाच्या खोलीत मिंट लावलं. तिने स्वतःच ते मागून घेतलं होतं.

मराठी पहिल्या दिवशीच सुटली. इनस्क्रिप्ट यादीतच असतो. उच्चाराप्रमाणे टाइप करायला आयबस हा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन हे जोडपॅकेज लागतं, तेही मशीनवरच चालतं. थोडे दिवस हात अडखळले. जोडाक्षरांचा एक तक्ता छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवला. आता ती इनस्क्रिप्टवर आली आहे आणि आधीपेक्षा वेगाने लिहिते.

जुने अहवाल मात्र अवघड निघाले. २००५ ते २०१२ च्या दरम्यानचे चाचणी-अहवाल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा प्रमाण पद्धतीत नव्हते, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या 'योगेश' आणि 'सुरेख' फाँटमध्ये होते. फाँट नसेल तर तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या संस्थेत हा साठा असतो. आम्ही ठरवलं की ज्यांची खरोखर गरज आहे तेवढेच रूपांतरित करायचे आणि बाकीचे विंडोजवर उघडून पीडीएफ करून ठेवायचे. ते करताना ताईंच्या लक्षात आलं की यातल्या कित्येक नोंदी ठेवण्याचं कारणच उरलेलं नाही. मग जतनाची मुदत ठरली, आणि तिच्याबाहेरचं सगळं नष्ट केलं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात गोपनीयतेच्या दृष्टीने हे सर्वात मोठं काम झालं.

पुण्यातल्या ऑफिसांत सर्रास दिसणारा एक जुना लेझर प्रिंटर इथेही होता. तो लिनक्सवर चालेना. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा तो हिशेबाच्या मशीनला जोडला आणि समुपदेशकांसाठी लिनक्सशी जुळणारा एक वापरलेला प्रिंटर घेतला. शाळेला द्यायच्या अहवालातले तक्ते लिबरऑफिसमध्ये (वर्डच्या जागी वापरायचं मोफत सॉफ्टवेअर) हलत होते; नमुना नव्याने बांधला आणि शाळेला पीडीएफच द्यायचं ठरलं.

दोन गोष्टी मिंटवर नेणं जमण्यासारखं नव्हतं. एक, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जे विंडोजवरच चालतं, आणि काकांचं डिजिटल सहीचं टोकन, जे त्यांनी महत्प्रयासाने एकदा बसवून घेतलं होतं. काका म्हणाले, "जीएसटीच्या शेवटच्या तारखेला माझ्यावर प्रयोग करू नका." त्यांचं म्हणणं रास्त होतं. दुसरं, मुलांच्या चाचण्यांचे गुण काढणारं सॉफ्टवेअर. तेही फक्त विंडोजचं.

काय ठरलं

तीन समुपदेशकांची तीन मशीन मिंटवर गेली, प्रत्येकाची पूर्ण डिस्क कूटबद्ध. स्वागतकक्षात लॅपटॉप, त्यावरही मिंट, पण तिथून नोंदी उघडतच नाहीत. फक्त वेळापत्रक, आणि तेही क्रमांकाने. स्क्रीन भिंतीकडे वळवला. हिशेबासाठी एक नवीन विंडोज ११ प्रो मशीन घेतलं, डिस्कची किल्ली कागदावर छापून घेतली, ऐच्छिक माहिती बंद केली. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या मशीनवर कुणाचंही नाव जात नाही. पावतीवर क्रमांक असतो. क्रमांक कुणाचा हे सांगणारी वही ताईंच्या कपाटात असते. चाचण्यांचं सॉफ्टवेअर अधिकृत परवाना असलेल्या चौथ्या डेस्कटॉपवर विंडोज १० मध्येच राहिलं आहे. त्याची नेटवर्कची केबल काढून टाकली, वायफाय नव्हतंच. अहवाल एका ठरावीक पेनड्राइव्हने बाहेर येतो. हा तोडगा मला फार आवडत नाही, कारण पेनड्राइव्ह हरवतात. म्हणून तोही कूटबद्ध केला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ब्राउझरमध्ये, स्थानिक सर्व्हरवर चालणारी आवृत्ती द्या असं पत्र ताईंनी पाठवलं आहे.

कूटबद्ध डिस्कचा परवलीचा शब्दसमूह विसरला, तर मिंट कुणालाही तो परत मिळवून देत नाही. खात्यात किल्ली ठेवणारी पद्धत लाखो लोकांना का सोयीची वाटते हे इथे कळतं. आम्ही चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून शब्दसमूह केले, कारण संगणक सुरू होताना देवनागरी कीबोर्ड हाताशी नसतो. ते सीलबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये आहेत; पाकीट उघडायला ताई आणि एक विश्वस्त दोघं लागतात. बॅकअप दोन कूटबद्ध डिस्कवर, त्यातली एक केंद्राबाहेर. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की मशीन बंद पडतात आणि परत आल्यावर शब्दसमूह टाकावा लागतो. यावर सुरुवातीला कुरकुर झाली. मी एवढंच समजावलं की डिस्कचं कुलूप मशीन बंद असतानाच लागतं. चालू मशीन सोडून चहाला गेलं तर त्याचा उपयोग शून्य. मग स्क्रीन दोन मिनिटांत आपोआप कुलूपबंद होण्याची सोय सगळ्यांनी निमूट मान्य केली.

त्या तरुणाला ताईंनी लेखी उत्तर दिलं: कुठल्या मशीनवर, किती वर्षं, कोण उघडू शकतं, आणि बाहेर काय जातं. आता ते संमतीपत्राचा भाग आहे, मराठीत, अर्ध्या पानात. त्यात विंडोज किंवा लिनक्स हे शब्द नाहीत.

ज्येष्ठ समुपदेशक आजही हातानेच लिहितात. त्यांच्या फाइलींच्या कपाटाला नवीन कुलूप बसवलं, नोंदींच्या बाबतीत एवढाच त्यांचा बदल.

अडलेलं एक काम फोनचं आहे. रात्री अकराला अस्वस्थ झालेला माणूस व्हॉट्सॲपवर आवाजाचा संदेश पाठवतो, समुपदेशकाच्या खासगी नंबरवर. फोनवरच्या चॅटचा बॅकअप क्लाउडवर जातो, आणि तो पूर्ण कूटबद्ध करण्याची सोय २०२१ पासून असली तरी ती आपण होऊन चालू करावी लागते. ती तिघींच्या फोनवर चालू करून दिली आहे. केंद्राचा वेगळा फोन घ्यावा, असं ताईंचं मत. धाकटी म्हणते, रात्री त्या फोनवर कुणी नसेल आणि त्याच रात्री कुणाला गरज लागली तर? दोघींचंही बरोबर आहे. तूर्तास ठरलं आहे ते असं: संदेश ऐकून, गरज असेल ती नोंद फाइलमध्ये लिहून, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो फोनवरून पुसायचा, आणि वेगळ्या फोनवर कोण रात्री हजर राहील याची पाळी लागल्यावरच तो घ्यायचा.